उचलणे, नेणे, ठेवणे : वेब ॲप्लिकेशनमध्ये वापरण्याजोगे ड्रॅग अँड ड्रॉप कसे घडवावे

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये कामांचे नियोजन कित्येक वर्षे भिंतीवरच्या फळ्यावर होत असे. कोणते कास्टिंग आज कोणत्या लेथवर चढवायचे, कोणते व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग यंत्रावर) जाणार आणि कोणते तपासणीसाठी थांबले आहे, हे सुपरवायझर खडूने लिहीत आणि पुसत. हा फळा वेब ॲप्लिकेशनमध्ये आणण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा प्रत्येक जॉबचे एक कार्ड करून ते एका मशीनच्या रांगेतून दुसऱ्या मशीनच्या रांगेत ओढून नेता येईल, अशी रचना आम्ही केली. ऑफिसातील मोठ्या पडद्यावर माऊसने ती उत्तम चालली. शॉपमध्ये टॅबलेटवर ती सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तेथील एका जुन्या सुपरवायझरांचा फोन आला : “कार्ड मी धरलो, ओढलो, लेथवर सोडलो की ओ. ते परत जुन्या जागेवर जाऊन बसतंय. आता काय करू सांगा.”

कारण शोधण्यासाठी मी शॉपमध्ये जाऊन त्यांच्या शेजारी तासभर उभा राहिलो. लेथच्या रांगेत १४ कार्डे होती, टॅबलेटवर त्यांतील सहाच दिसत होती, आणि खालचे कार्ड वर नेताना बोट हलले की हे बोट यादी सरकवण्यासाठी आहे असे समजून ब्राउझर ओढण्याची क्रिया मध्येच तोडत होता. आमचा कोड अशा वेळी एक शब्दही न बोलता कार्ड जुन्या जागी ठेवून देत होता. सुपरवायझरांनी सांगितलेले अक्षरशः खरे होते, आणि चूक त्यांच्या हाताची नसून आमच्या रचनेची होती. त्या टॅबलेटपाशी जे कळले आणि पुढच्या कामांत जे पक्के होत गेले, ते येथे मांडतो आहे.

ओढणे अवघड का असते

क्लिक किंवा टॅप ही क्षणाची क्रिया आहे. बोट चुकले तर ते उचलून पुन्हा टेकवता येते. ओढताना मात्र आरंभापासून शेवटापर्यंत दाब सुटू द्यायचा नसतो, आणि तो सांभाळतच अंतर कापायचे, जागा ओळखायची व नेमक्या ठिकाणी सोडायचे असते. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तेथे पोचायला वेळ अधिक लागतो, हा नियम पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडला. स्कॉट मॅकेन्झी, ॲबिगेल सेलन आणि विल्यम बक्स्टन यांनी १९९१ मध्ये माऊस, ट्रॅकबॉल आणि लेखणीची टॅबलेट यांवर केवळ निर्देश करणे आणि ओढणे यांची तुलना केली, तेव्हा ओढणे अधिक वेळखाऊ आणि अधिक चुका घडवणारे ठरले. लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही : एका बोटाने दाबून धरायचे, दुसऱ्याने सरकवायचे, आणि पॅडची कड आली की कार्ड अर्ध्या वाटेवर अडकायचे.

यात हात थरथरणारी वयस्क व्यक्ती, एकाच हाताने काम करणारी व्यक्ती, हातमोजे घातलेला ऑपरेटर आणि तेलकट बोटांनी पडदा हाताळणारा फिटर यांची भर घातली, की ओढणे ही सर्वांना जमणारी क्रिया नाही हे ध्यानात येते. म्हणून आपल्या ॲप्लिकेशनमध्ये ड्रॅग असावे की नसावे, हा पहिला प्रश्न नसतो. ओढल्याशिवाय हेच काम कसे पूर्ण होईल, हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर तयार झाल्यावरच ड्रॅगला हात घालावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी न ओढता करण्याचा मार्ग

वेबच्या सुगम्यतेसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ठरवलेल्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २.५.७ हा निकष नव्याने आला. ओढून होणारे प्रत्येक काम, ओढणे त्या कामाला अपरिहार्य नसेल तर, एकाच पॉइंटरने (म्हणजे माऊस, बोट किंवा लेखणीने) न ओढताही करता आले पाहिजे, असे तो सांगतो. केवळ कळफलकाची सोय केली म्हणजे हा निकष पूर्ण होतो असे पुष्कळ जण समजतात, परंतु ते खरे नाही. टॅबलेट वापरणाऱ्या सुपरवायझरांपुढे कळफलक नसतोच. त्यांना टॅप करून काम पूर्ण करता आले पाहिजे.

आम्ही प्रत्येक कार्डावर ‘हलवा’ असे स्पष्ट बटण दिले. ते दाबले की मशीनची यादी उघडते, मशीन निवडले की ‘सर्वांत वर’, ‘सर्वांत शेवटी’ आणि ‘या कार्डानंतर’ असे पर्याय येतात. तीन टॅपमध्ये काम होते, आणि मध्येच कुणी हाक मारली तरी काही बिघडत नाही, कारण हातात धरून ठेवावे असे काही नसते. शॉपमध्ये हे बटण आल्यावर सुपरवायझरांनी जवळच्या अदलाबदलीसाठी ओढणे चालू ठेवले आणि दूरच्या रांगांसाठी बटण वापरायला सुरुवात केली. दोन्ही मार्ग दिसत असले की माणसे त्यांतला सोयीचा मार्ग स्वतः निवडतात.

कामाच्या स्वरूपाप्रमाणे हा पर्यायी मार्ग बदलतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा अशा सीमाभागातील गावांमध्ये हिवाळ्यात साहित्य संमेलने भरतात. अशा संमेलनाची कार्यक्रमपत्रिका वेबवर आखायची असेल, तर ग्रंथदिंडी, उद्घाटन, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन अशी पाच-सात सत्रांचीच यादी असते, आणि पाहुण्यांची गाडी उशिरा येणार असल्याचे कळले की एखादे सत्र एक-दोन जागा पुढे-मागे करावे लागते. इथे प्रत्येक सत्राशेजारी ‘वर’ आणि ‘खाली’ ही दोन बटणे पुरेशी ठरतात. उलट दोनशे सभासदांच्या यादीत १८० व्या ठिकाणचे नाव तिसऱ्या ठिकाणी आणायचे असेल, तर तिथे ना ओढणे कामाचे, ना ‘वर’चे बटण, तिथे क्रमांक टाइप करण्याची चौकट द्यावी. तारीख, रक्कम, वजन अशा नेमक्या मूल्यांसाठी आणि नोंद काढून टाकण्यासारख्या परत न फिरणाऱ्या कृतींसाठी ड्रॅग मुळीच ठेवू नये.

उचलणे

कार्ड उचलता येते हे पाहताक्षणी कळले पाहिजे. माऊस वर नेल्यावर पंजाचा कर्सर दाखवणे चांगले असले, तरी टॅबलेटवर कर्सर नसल्याने तेवढ्यावर भागत नाही. कार्डाच्या कडेला सहा ठिपक्यांची मूठ ठेवावी आणि ती कायम दिसू द्यावी. पूर्ण कार्ड उचलण्याजोगे करावे की फक्त मूठ, हा निर्णय पडद्यावर ठरतो. माऊसवर पूर्ण कार्ड चालते. स्पर्शाच्या पडद्यावर, विशेषतः यादी लांब असेल तर, फक्त मूठ उचलण्याजोगी असावी, म्हणजे बाकीच्या कार्डावर बोट ठेवून यादी निर्धास्तपणे सरकवता येते. आमच्या पहिल्या रचनेत नेमका हाच भेद नव्हता.

तांत्रिकदृष्ट्या हा भेद सीएसएस या वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील ‘टच-ॲक्शन’ या गुणधर्माने करतात. मुठीवर त्याचे मूल्य ‘नन’ ठेवले की तेथे टेकलेल्या बोटावर ब्राउझर हक्क सांगत नाही. हे मूल्य आधीपासून लागू असावे लागते. बोट टेकल्यानंतर जावास्क्रिप्टने ते बदलले, तर चालू स्पर्शावर त्याचा काही परिणाम होत नाही. मूठ ठेवायला जागाच नसेल, तर दाबून धरण्याचा पर्याय उरतो. त्यासाठी पाव ते अर्धा सेकंद थांबावे, आणि कार्ड उचलले गेल्याचे किंचित मोठे करून वा सावली देऊन दाखवावे. मात्र दाबून धरल्यावर मजकूर निवडला जाणे किंवा ब्राउझरचा मेनू उघडणे हेही घडते, त्यामुळे मुठीचा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

मुठीच्या आकाराबाबत कंजूषी करू नये. डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये एए या मधल्या पातळीसाठी २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल हे किमान माप आहे आणि एएए या सर्वांत वरच्या पातळीसाठी ४४ गुणिले ४४. ऑफिसातील पडद्यासाठी पहिले माप भागून जाते. शॉपमधील टॅबलेटसाठी आम्ही ४८ ठेवले, कारण तिथे बोटे जाड असतात आणि घाईही असते. ठिपक्यांचे चित्र लहान असले तरी चालेल, दाबता येणारा भाग मोठा असावा.

शिवाय बोट किंवा माऊस सुमारे ५ पिक्सेल हलल्याखेरीज ड्रॅग सुरू झाले असे मानू नये. ही मर्यादा नसेल, तर कार्ड उघडण्यासाठी केलेला साधा क्लिकही हाताच्या बारीक हालचालीने ड्रॅग ठरतो, आणि कार्ड उघडतही नाही व हलतही नाही.

नेणे

मार्केट यार्डात हमाल पाठीवर पोते घेण्याआधी ते कोणत्या थप्पीला लावायचे हे विचारून घेतो, कारण ओझे पाठीवर असताना जागा शोधत फिरणे त्याला परवडत नाही. कार्ड उचलणाऱ्यालाही ही माहिती उचलल्याच्या क्षणी मिळाली पाहिजे. ज्या रांगांमध्ये ते कार्ड जाऊ शकते त्या ठळक व्हाव्यात, ज्यांत जाऊ शकत नाही त्या मंद व्हाव्यात, आणि शक्य असेल तर मंद रांगेवर ‘व्हीएमसी दुरुस्तीत आहे’ असे कारणही लिहिलेले असावे. हा फरक फक्त हिरव्या-तांबड्या रंगाने दाखवू नये. रंग ओळखण्यात अडचण असणारी माणसे प्रत्येक शॉपमध्ये असतात, म्हणून जाड किनार, तुटक किनार आणि शब्द यांची जोड द्यावी.

कार्ड जिथून उचलले तिथे त्याची फिकट प्रतिमा राहू द्यावी, म्हणजे परत कुठे जाता येईल हे दिसत राहते. हातातील कार्ड बोटाखाली पूर्ण झाकले जाऊ नये. ते थोडे वर किंवा बाजूला सरकवून दाखवावे. ते किंचित पारदर्शक असावे, कारण खाली कोणती जागा आहे हे कळणे हातात काय आहे हे कळण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

सोडल्यावर कार्ड नेमके कुठे बसेल, हे सोडण्याआधी दिसणे ही या अवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. यासाठी दोन पद्धती रूढ आहेत. एकीत दोन कार्डांच्या मध्ये जाड रेषा दिसते. दुसरीत शेजारची कार्डे सरकून मोकळी जागा करून देतात. दुसरी पद्धत डोळ्यांना सुखावते, पण कार्डांची उंची वेगवेगळी असेल तर तिच्यात एक खोड निघते. हातातील उंच कार्ड एका बुटक्या कार्डाच्या जागी गेले, ते बुटके कार्ड सरकले, आणि सरकूनही ते पॉइंटरच्या खालीच राहिले, तर ॲप्लिकेशन पुन्हा अदलाबदल करते, मग पुन्हा, आणि दोन्ही कार्डे थरथरत राहतात. यावर उपाय असा की केवळ पॉइंटर कुठल्या कार्डावर आहे एवढ्यावर निर्णय न घेता, हातातील कार्डाची पुढची कड शेजारच्या कार्डाच्या मध्यरेषेपलीकडे गेली आहे का हे पाहावे, आणि हालचाल ज्या दिशेने चालू आहे त्याच दिशेने अदलाबदल करावी.

उंचीचा हा प्रश्न आपल्या भागात हमखास येतो, कारण एकाच रांगेत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांतली कार्डे असतात. देवनागरीच्या मात्रा ओळीच्या वर आणि उकार खाली जातात, तर कन्नडातील ओत्तक्षरे (जोडाक्षरातील खाली लिहिली जाणारी अक्षरे) ओळीच्या खाली उतरतात. इंग्रजी मजकुरावर बेतून कार्डाची उंची पक्की केली, तर दोन्ही लिप्यांतील अक्षरे कापली जातात. उंची मजकुरावर सोडावी, ओळींमधील अंतर मोकळे ठेवावे, आणि उंची कमी-जास्त होणार हे गृहीत धरूनच वरील हिशेब करावा.

रांग पडद्यापेक्षा लांब असेल, तर कार्ड कडेजवळ नेताच यादी आपोआप सरकली पाहिजे. कडेपासून सुमारे ५० पिक्सेलचा पट्टा यासाठी राखावा, आत शिरल्यावर वेग हळूहळू वाढवावा, आणि नुसते कडेवरून जाताना यादी धावू नये म्हणून क्षणभर थांबून मगच सरकवायला सुरुवात करावी. हा वेग पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांच्या, म्हणजे फ्रेमच्या, संख्येवर न बांधता वेळेवर बांधावा, नाहीतर जुन्या टॅबलेटवर यादी रखडते आणि नव्या पडद्यावर सुसाट पळते.

हालचाल बोटाला चिकटून राहिली पाहिजे. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणून कार्डाची जागा सीएसएसच्या ‘ट्रान्सफॉर्म’ने बदलावी, ‘टॉप’ आणि ‘लेफ्ट’ने नव्हे, आणि सर्व कार्डांची मापे उचलताना एकदाच घेऊन ठेवावीत. प्रत्येक हालचालीला ती नव्याने मोजत बसले की स्वस्त टॅबलेटवर कार्ड बोटाच्या मागे पडते.

ठेवणे

कृती बोट उचलल्यावरच पूर्ण व्हावी, आणि तोपर्यंत ती रद्द करता आली पाहिजे. एस्केप दाबले, किंवा कार्ड कोणत्याही रांगेबाहेर सोडले, तर ते मूळ जागी परत जावे. ते परत जाताना दिसलेही पाहिजे : साधारण २०० मिलिसेकंदांत सरकत गेले, तर डोळा त्याच्या मागोमाग जातो. ज्यांनी आपल्या यंत्रणेत हालचाल कमी ठेवण्याची निवड केली आहे, त्यांच्यासाठी ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ही सीएसएसमधील खूण पाहून ही सरकण्याची क्रिया वगळावी आणि नुसता ठळकपणा दाखवावा.

कार्ड परत जाण्याची दोन कारणे असू शकतात, आणि ती वेगळी दिसणे आवश्यक आहे. माणसाने स्वतः रद्द केले तर काही बोलण्याची गरज नाही. पण ॲप्लिकेशनने नाकारले, किंवा ब्राउझरने ‘पॉइंटरकॅन्सल’ पाठवून क्रिया तोडली, तर कारण सांगावे : ‘या लेथवर हे कास्टिंग बसत नाही’, किंवा ‘हलवणे मध्येच थांबले, पुन्हा प्रयत्न करा किंवा हलवा हे बटण वापरा’. सुपरवायझरांना त्या दिवशी असे एक वाक्य दिसले असते, तर त्यांनी स्वतःच्या हाताला दोष दिला नसता. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली, कारण त्यांनी फोन करण्याआधी तीच क्रिया दहा-बारा वेळा करून पाहिली होती.

सोडल्यानंतर सर्व्हरची वाट न पाहता कार्ड नव्या जागी दाखवावे, पण जतन होईपर्यंत त्यावर बारीक खूण ठेवावी. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील गावांत पावसाळ्यात नेटवर्क तासन्‌तास जाते. तिथे जतन न झालेले कार्ड काही वेळाने गुपचूप मागे जाऊ देणे म्हणजे वापरणाऱ्याचा विश्वास गमावणे होय. बदल यंत्रावर साठवून ठेवावा, ‘जतन व्हायचे आहे’ असे स्पष्ट लिहावे, आणि नेटवर्क आल्यावर पाठवावा. एकाच वेळी सुपरवायझर टॅबलेटवर आणि नियोजक ऑफिसात बदल करत असतील, तर संपूर्ण रांग पाठवू नये, कारण शेवटी पाठवणाऱ्याची रांग दुसऱ्याचे काम पुसून टाकते. ‘हे कार्ड त्या कार्डानंतर ठेवा’ एवढीच सूचना पाठवली, तर दोघांचे बदल सहसा एकत्र नांदतात.

प्रत्येक ठेवण्यानंतर ‘परत घ्या’ हे बटण दिसावे. ‘नक्की हलवायचे का?’ असे दर वेळी विचारणे त्रासदायक होते, आणि दोन दिवसांत माणसे न वाचताच ‘होय’ दाबू लागतात. परत घेण्याची सोय मात्र खरी कामाची असते, आणि ती पाच सेकंदांत नाहीशी होऊ नये.

कळफलक, स्क्रीन रीडर आणि मराठी वाक्याची घडण

कळफलकासाठी रूढ झालेली पद्धत अशी आहे : मुठीवर फोकस (कळफलकाची निवड) आणून स्पेस दाबले की कार्ड उचलले जाते, बाणांच्या कळांनी ते सरकते, पुन्हा स्पेस दाबले की बसते, आणि एस्केपने परत जाते. ही पद्धत द्यावी, पण तिच्यावरच विसंबू नये, कारण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वाचनाच्या अवस्थेत बाणांच्या कळा स्वतःसाठी वापरतो आणि त्या आपल्या कोडपर्यंत पोचतच नाहीत. ‘हलवा’ हे बटण आणि त्याचा मेनू मात्र सर्वत्र चालतात. म्हणजे टॅबलेटसाठी केलेली सोय इथेही उपयोगी पडते. पानावरील घटकांची माहिती स्क्रीन रीडरला देणाऱ्या एरिया (ARIA) या प्रमाणातील ‘एरिया-ग्रॅब्ड’ आणि ‘एरिया-ड्रॉपइफेक्ट’ हे गुणधर्म जुन्या उदाहरणांत दिसतात. २०१७ मध्ये आलेल्या एरिया १.१ मध्येच ते मोडीत काढले गेले, त्यामुळे ते वापरू नयेत. कार्ड हलवल्यावर फोकस त्याच कार्डावर राहील याची खात्री करावी, कारण घटक एका रांगेतून काढून दुसरीत घातला की ब्राउझर त्याचा फोकस सोडून देतो आणि कळफलक वापरणारी व्यक्ती पानाच्या आरंभी फेकली जाते.

काय घडले ते ‘एरिया-लाइव्ह’ विभागातून, म्हणजे ज्यातील बदल स्क्रीन रीडर आपोआप वाचतो अशा भागातून, ऐकवावे लागते, आणि इथे मराठीचा स्वतंत्र विचार करणे भाग आहे. इंग्रजीतील साचा उचलून त्यात मराठी शब्द बसवले, की वाक्य मोडते. मशीनचे नाव रिकाम्या जागेत घालून त्याला ‘वर’ किंवा ‘मध्ये’ चिकटवले, तर नामाचे सामान्यरूप होत नाही : ‘साठा’ या रांगेचे ‘साठामध्ये’ होते, जेव्हा कानाला ‘साठ्यामध्ये’ हवे असते. यावर सोपा उपाय असा की नाव अवतरणात जसेच्या तसे ठेवून पुढे ‘या रांगेत’ असे जोडावे. लिंगाचेही तसेच आहे. जॉब हलवला, ऑर्डर हलवली, कास्टिंग हलवले. साच्याला हे आधी कळणार नाही, म्हणून ‘हे कार्ड’ हाच कर्ता ठेवावा, म्हणजे क्रियापद नपुंसकलिंगी राहून कायम बरोबर येते. क्रमवाचकांतही फसगत होते, कारण पहिला, दुसरा, तिसरा, चौथा आणि मग पाचवा अशी रूपे बदलतात. ‘१व्या जागी’ असे कुणी म्हणत नाही. ‘क्रमांक १ वर’ असे म्हटले की प्रश्न मिटतो. सगळे मिळून आमचा संदेश असा झाला : “‘पंप बॉडी’ हे कार्ड ‘लेथ २’ या रांगेत क्रमांक ३ वर आले. एकूण कार्डे ७.”

कन्नड संदेश हा मराठीचा शब्दशः अनुवाद असू नये. कन्नडातही विभक्तिप्रत्यय नामाला जोडले जातात आणि नामाच्या शेवटानुसार बदलतात, म्हणून तो साचा कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्यानेच लिहावा. प्रत्येक मजकुराला ‘लँग’ गुणधर्म लावून मराठी की कन्नड हे सांगितले, तर एनव्हीडीएसारखा विनामूल्य स्क्रीन रीडर त्या त्या भाषेच्या आवाजात वाचू शकतो. हा गुणधर्म राहून गेला, तर देवनागरी वाक्य हिंदीच्या उच्चारनियमांनी वाचले जाण्याची शक्यता असते, आणि मग मराठीतले ‘ळ’ आणि शब्दांच्या शेवटचे स्वर बिघडतात.

कोणते तंत्र कुठे

ब्राउझरचे मूळचे ड्रॅग अँड ड्रॉप १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये घडले आणि पुढे एचटीएमएल ५ मध्ये प्रमाणित झाले, त्यामुळे त्याची सारी ठेवण माऊसची आहे. ‘ड्रॅगओव्हर’ या, ओढलेली वस्तू जागेवर असताना येणाऱ्या घटनेत ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ बोलावून ब्राउझरची मूळ वागणूक थांबवली नाही, तर ‘ड्रॉप’ घडतच नाही. पॉइंटर रांगेतील आतल्या घटकावर गेला की ‘ड्रॅगलीव्ह’ ही बाहेर गेल्याची घटना येते आणि ठळकपणा लुकलुकतो, म्हणून आत येणे व बाहेर जाणे यांची मोजणी ठेवावी लागते. वस्तू सोडण्याआधी तिच्यातील माहिती वाचता येत नाही, फक्त प्रकार कळतो. यादीतील क्रम बदलण्यासाठी हे तंत्र न वापरता पॉइंटर इव्हेंट वापरावेत. माऊस, बोट आणि लेखणी या तिन्हींसाठी एकच कोड पुरतो, आणि ‘सेटपॉइंटरकॅप्चर’ लावले की पॉइंटर कार्डाबाहेर गेला तरी घटना त्याच कार्डाकडे येत राहतात.

फाइली संगणकावरून पानावर आणायच्या असतील, तर मात्र मूळचेच तंत्र लागते. सौहार्द पतसंस्थेच्या कर्ज अर्जाला आधार, जमिनीचा आरटीसी उतारा आणि फोटो जोडायचे असतात. तिथे सोडण्याची चौकट मोठी असावी, तिच्या आतच ‘फाइल निवडा’ हे बटण असावे, आणि चौकटीबाहेर फाइल पडली तर ब्राउझरने अर्ज सोडून ती फाइलच उघडू नये, यासाठी संपूर्ण पानावर ‘ड्रॅगओव्हर’ आणि ‘ड्रॉप’ अडवून ठेवावेत. अर्धा भरलेला अर्ज असा नाहीसा झाला, तर काउंटरसमोरच्या सभासदाला पुन्हा रांगेत थांबावे लागते.

तपासणी

तपासणी ऑफिसात करून समाधान मानू नये. आधी माऊस बाजूला ठेवून संपूर्ण काम कळफलकाने करावे, मग पडदा बंद करून एनव्हीडीएने करावे, मग ब्राउझरमधील साधनाने नेटवर्क मंद करून आणि शेवटी पूर्ण तोडून करावे, आणि पान २०० टक्के मोठे करूनही पाहावे. त्यानंतर टॅबलेट जिथे वापरला जाणार आहे तिथे घेऊन जावा : शॉपच्या दारातून येणाऱ्या उन्हात फिकट कार्ड आणि मंद रांग दिसते का, हातमोजा घालून मूठ पकडता येते का, शेजारी मशीन चालू असताना आवाजाची सूचना ऐकू येते का. वापरणाऱ्याला कार्ड कसे ओढायचे हे आधी समजावून सांगू नये. ‘हे कास्टिंग उद्या सकाळी लेथ २ वर पहिले चढवायचे आहे’ एवढेच सांगावे आणि गप्प उभे राहावे.

त्या वेळी हातापेक्षा नजरेकडे अधिक लक्ष द्यावे. कार्ड सोडल्यानंतर त्यांची नजर नव्या जागेवर थांबून पुढच्या कामाकडे वळते, की एकदा जुन्या रांगेकडे जाऊन कार्ड परत आले नाही ना हे पाहते? ती जुन्या रांगेकडे जात असेल, तर कार्ड बसल्याची खूण अजून पुरेशी स्पष्ट झालेली नाही. मग आधी ती ठळक करावी, जतन झाल्याचा शब्द कार्डाच्या जवळ आणावा, आणि दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरांसमोर पुन्हा उभे राहून पाहावे.